वाणाबरोबर अंगठा

भीमाशंकर अण्णांच्या गावात कुठलीही गोष्ट आधी अण्णांच्या दुकानावर व्हायची आणि मग गावात व्हायची. तेलगावकडून येणारा रस्ता गावात शिरतो तिथंच त्यांचं किराणा दुकान. कपाळावर विभूतीचे पट्टे, खांद्यावर टॉवेल आणि समोर तराजू. लहान पोरांचे डोस असोत, जनावरांचं लसीकरण असो, नाहीतर मंदिराचा रंग. अण्णांनी "चला" म्हटलं की गाव चालायला लागायचं. माणूस वाईट म्हणाल तर अजिबात नाही! दुसऱ्याच्या आजारपणात हातातलं काम टाकून धावणारा माणूस. पण एक खोड होती, आणि खोटं कशाला बोला, ती आपल्या सगळ्यांच्याच घरात थोडीफार सापडते. दुसऱ्याच्या वतीनं परस्पर "हो" म्हणून टाकायची खोड.

संक्रांत झाली आणि डॉक्टर रोहिणी गावात आली. गेवराईकडच्या तलवाड्याची पोरगी, वय तिशीच्या आत, एका संशोधन संस्थेत कामाला. शेतात राबणाऱ्या बायकांच्या गुडघेदुखीवर एक नवी गोळी निघाली होती. ती नेहमीच्या गोळीपेक्षा खरंच बरी आहे का, हे तपासायचं होतं. कुणाला नवी गोळी मिळेल, कुणाला जुनी, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार होतं. कापूस वेचून आणि ऊस तोडून गुडघे गेलेल्या बायका या भागात घरोघरी सापडतील म्हणून तिनं हे गाव निवडलं होतं.

"म्याडम, तुमी बिनघोर ऱ्हावा," अण्णा शेंगदाणे तोलता तोलता म्हणाले. "गुडघे दुखणारी एक बाई सुटायची न्हाई. माझा शब्द हाय!"

"अण्णा, शब्द तुमचा नको, बायांचा हवाय," रोहिणी हसून म्हणाली. "मी एकेकीला वेगळं बसवून सगळं सांगणार. त्यात धोका काय आहे तेही सांगणार. जिला पटेल ती येईल, जिला नाही पटणार ती येणार नाही. आणि नाही म्हणणारीनं कारण सांगायचीसुद्धा गरज नाही."

"हाव हाव," अण्णा म्हणाले आणि शेंगदाण्याची पुडी बांधली. ऐकलं किती, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. त्यांच्या डोक्यात तोवर मांडव पडायलासुद्धा लागला होता.

ठरल्या दिवशी रोहिणी आली आणि बघतच राहिली. दुकानासमोर मांडव. लाऊडस्पीकर. सतरंजीवर नटूनथटून बसलेल्या बायका. अण्णांची बायको गंगासागर हातात हळदीकुंकवाचा करंडा घेऊन फिरत होती, बायकांच्या ओट्या भरत होती आणि प्रत्येकीला वाण म्हणून स्टीलची वाटी देत होती. ओटी भरून झालेल्या बायका समोरच्या टेबलाकडं सरकत होत्या. टेबलावर अण्णांनी शाईचा पॅडसुद्धा आणून ठेवला होता, म्हणजे तयारीत काही कमी नको!

लाऊडस्पीकरवर अण्णांचा आवाज घुमत होता. "समद्या माता-भगिनींना कळविण्यात येतं की, हळदीकुंकू घ्यावं, वाण घ्यावं आणि म्याडमच्या टेबलावर सही न्हाईतर अंगठा देऊन औषधाचा लाभ घ्यावा. कुनीबी मागं ऱ्हाऊ नये!"

रोहिणी टेबलाकडं निघाली. तेवढ्यात ओटी भरलेली एक बाई उठली, तिच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "जरा इकडं येता का?" दोघी लिंबाच्या झाडामागं गेल्या. अण्णांना माईकजवळून फक्त त्या बाईचा पदर दिसला. मग ती बाई परत गर्दीत मिसळून गेली. रोहिणी टेबलापाशी आली, तिनं शाईचा पॅड मिटला आणि आपल्या पिशवीत टाकला.

"अण्णा," ती म्हणाली, "आज मी एकही सही घेणार नाही."

मांडवातल्या बायका अण्णांकडं बघायला लागल्या. अण्णांनी माईक बंद केला, पण चेहरा काही बंद करता आला नाही. गावासमोर असं त्यांना आजवर कुणी बोललं नव्हतं.

"कावून?" अण्णांचा आवाज चढला. "काय कमी पडलं? समदं गाव आणून बसवलं तुमच्यापुढं! लोकं पाया पडून माणसं गोळा करत्यात, आन् तुमी गोळा झालेली हाकलून लावता?"

"हाकलत नाही अण्णा. हळदीकुंकू छान झालंय, ते होऊ द्या. पण त्याचा माझ्या कामाशी संबंध नको. आपण आत बसून बोलू का?"

बायकांसमोर वाद नको म्हणून अण्णा तिला घरात घेऊन गेले. दुकानाच्या मागंच घर. बसल्या बसल्या त्यांनी तोंड फिरवलं. ती मात्र शांतपणे बोलायला लागली, आणि तिच्या बोलण्यात रागाचा लवलेशही नव्हता.

"अण्णा, एक सांगा. तुमच्या दारात येऊन, तुमच्या हातचं वाण घेऊन, ओटी भरून घेतल्यावर, या गावातली कुठली बाई तुम्हाला नाही म्हणेल?"

"न्हाईच म्हननार! म्हून तर केलं ना!"

"हेच तर! आत्ता एक बाई माझ्याशी बोलली. मागं दुखण्याच्या गोळ्या खाऊन तिच्या पोटात जखम झाली होती, रक्ताची उलटी झाली होती. तिनं हे घरात कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या गोळीनं तिच्या पोटात पुन्हा रक्त सुटलं असतं. जीवावर बेतलं असतं, अण्णा! आणि तरी ती अंगठा द्यायला निघाली होती. मी म्हटलं, का गं मावशी? तर म्हणाली, वटी भरून घेतल्यावर न्हाई कसं म्हनावं?"

अण्णा ताडकन उठले. "कोण ती? नाव सांगा! आत्ता जाऊन इचारतो, दवाखान्यात घेऊन जातो तिला!"

"नाव नाही सांगणार."

"अवो, मी तिच्या भल्यासाठीच..."

"माहीत आहे. तिच्या उपचाराचं मी बघते. पण ती माझ्यापाशी विश्वासानं बोलली. तो विश्वास मी तुमच्यासाठीसुद्धा मोडू शकत नाही." आणि खरं सांगायचं तर, आजतागायत अण्णांना ते नाव कळलेलं नाही. वाहवा त्या पोरीची! अण्णांसारख्या माणसाला, त्यांच्याच घरात, त्यांच्याच बाजेवर बसून असं सरळ सांगायला छाती लागते.

"पर आमी काय जबरदस्ती केली का कुनावर?" अण्णा पुन्हा बसले. "चांगुलपनाच केला."

"जबरदस्ती असती तर त्या भांडल्या तरी असत्या. तुमच्या चांगुलपणाशी कशा भांडणार?"

अण्णांनी टॉवेल झटकून पुन्हा खांद्यावर टाकला. तेवढ्यात स्वयंपाकघराकडून भांड्यांचा आवाज आला. चौकटीला धरून एक म्हातारी उभी राहिली. एका हातात चहाचा ट्रे. उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली. बाहेर मांडवातल्या बायकांसाठीचा तो चहा होता. एक शेजारीण आली, तिच्या हातातून ट्रे घेऊन बाहेर गेली. म्हातारी परत वळली. वळताना तिचा हात भिंतीवरून सुटला नाही.

"या कोण?" रोहिणीनं विचारलं.

"माझी थोरली भैन. बायनाबाई. आमची अक्का. लई वर्सांपूर्वी दाजी गेले, तवापासून इथंच आसती."

"बाहेर नाही आल्या?"

अण्णा गोंधळले. "आता... हळदीकुंकवाला कशी यील ती?"

रोहिणी उठून दारापाशी गेली. "अक्का, गुडघे दुखतात का तुमचे?"

बायनाबाईनं आधी भावाकडं बघितलं. अण्णाच बोलले. "चालतंय की तिचं! घरातलीच हाय, तिला काय इचारायचं?"

रोहिणीनं मग एकच गोष्ट सांगितली. "अण्णा, उद्या आम्ही लिहू की ही गोळी राबणाऱ्या बायकांना चालते. पण आम्ही तपासल्या कोण? ज्यांना हळदीकुंकवाचं आमंत्रण होतं त्या. विधवा नाहीत. आज कापूस वेचायला गेलेल्या नाहीत. वस्तीवरच्या नाहीत. म्हणजे ज्यांचं पोट रोजच्या वाकण्यावर चालतं, त्याच नेमक्या सुटल्या. असं औषध उद्या त्यांना दिलं आणि बाधलं, तर दोष कुणाचा? तुम्ही शब्द दिला होतात, एक बाई सुटायची नाही."

इतकं बोलून तिनं हात जोडले, बाहेर जाऊन बायकांना सांगितलं की वाण तुमचं आहे, त्याच्या बदल्यात माझं काही मागणं नाही, आणि ती निघून गेली. परवा पुन्हा येते म्हणाली. अण्णा उठून दारापर्यंतसुद्धा गेले नाहीत.

दिवसभर अण्णांचा पारा उतरला नाही. गिऱ्हाईक साखर मागायचं, हे गूळ द्यायचे. "शिकलेली पोरगी, पर रीतभात न्हाई," असं दोन-चार जणांना ऐकवून झालं. शेवटी गंगासागरच बोलली. ती तशी नवऱ्यापुढं फार न बोलणारी, पण आज तिला राहवलं नाही.

"अवो, ती खोटं काय बोलली? मी वट्या भरत हुते ना, मला दिसत हुतं. बाया वाटी घेत हुत्या आन् तोंडं बारीक करून टेबलाकडं जात हुत्या. येकीनं मला इचारलं बी, वैनी, कशाचा अंगठा हाय हो? म्या म्हनलं, मला काय ठावं, अण्णा म्हनलेत तर दे. आता सांगा, मलाच ठावं न्हाई आन् मी दुसरीला दे म्हनते!"

"तूबी तिच्याच बाजूनं?"

"मी कुनाच्या बाजूनं न्हाई. पर वन्संचं तरी ध्यान हाय का तुमाला? त्या पायऱ्या कशा उतरत्यात, बघितलंय कवा?"

अण्णा चिडून ओट्यावर येऊन बसले. ऊन कलतं झालं होतं. अक्का तांब्या घेऊन तुळशीला पाणी घालायला बाहेर आली. ओट्याच्या पायऱ्यांपाशी येऊन ती वळली, पाठ पुढं केली, भिंतीला हात लावला आणि उलटी, पाठमोरी, एकेक पायरी उतरायला लागली. अण्णांनी हे रोज बघितलं होतं. म्हातारपणाची लकब म्हणून सोडून दिलं होतं. आज पहिल्यांदा त्यांना तिचे दाबलेले ओठ दिसले. एकेक पायरी उतरताना ती श्वास रोखून धरत होती.

दुसऱ्याच्या दुखण्याला धावणारा हा माणूस, आणि घरातलं दुखणं डोळ्यांसमोरून रोज पाठमोरं उतरत होतं! अण्णांना एकदम भरून आलं. आपण शब्द दिला गावभर, आणि ज्या बहिणीनं आपल्याला कडेवर घेऊन वाढवलं तिला "तुझं काय दुखतंय" एवढंसुद्धा विचारलं नाही. विचारलं ते परक्या पोरीनं, आणि त्याचंही उत्तर आपणच देऊन मोकळे झालो!

तिसऱ्या दिवशी रोहिणी आली तेव्हा अण्णा दुकानाबाहेर उभेच होते.

"म्याडम, माझं चुकलं," ते म्हणाले. एवढं बोलायला त्यांना किती जड गेलं असेल ते त्यांच्या तापलेल्या कानशिलांवरून दिसत होतं. "आता कसं करायचं ते तुमी सांगा. मी फकस्त मदत करतो."

"मदत म्हणजे एकच करा. गावाला सांगा की नाही म्हटलं तरी चालतं."

आणि मंडळी, त्या दिवशी गावानं लाऊडस्पीकरवर जे ऐकलं ते पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. "समद्या गावाला कळविण्यात येतं की, म्याडम घरोघरी येनार हायत, वस्तीवर बी आन् रानात बी. त्या काय सांगत्यात ते नीट ऐका, काय इचारायचं ते इचारा. ज्याला हो म्हनायचं त्यानं हो म्हना, ज्याला न्हाई म्हनायचं त्यानं खुशाल न्हाई म्हना. न्हाई म्हननाराकडं बघून हा भीमाशंकर तोंड वाकडं करनार न्हाई, माझी जबान हाय!"

पारावर बसलेले लोक एकमेकांकडं बघायला लागले. "अण्णाला ताप आलाय का बे?" एकानं दुसऱ्याला विचारलं.

रोहिणीचं काम बघण्यासारखं होतं. कापसाच्या बांधावर बायका भाकरी सोडायच्या तेव्हा ती त्यांच्याजवळ जाऊन बसायची. एकेकीला बाजूला घेऊन सगळं सांगायची, आणि सांगून झालं की म्हणायची, "आता तू मला सांग, तुला काय कळलं?" बाईनं चुकीचं सांगितलं की न कंटाळता पुन्हा पहिल्यापासून. "फुकट दवाखाना हाय ना हा?" कुणी म्हणालं की ती म्हणायची, "नाही मावशी, ही तपासणी आहे. नवी गोळी कशी आहे ते आम्हालाही अजून पुरतं माहीत नाही. म्हणून तर तुला विचारतेय." मधेच सोडायचं झालं तर सोडता येईल, हे प्रत्येकीला सांगायची. काही बायका हो म्हणाल्या, काही नाही म्हणाल्या. नाही म्हणणारीशी ती तेवढ्याच मायेनं बोलायची आणि गुडघ्याला शेक कसा द्यायचा, बसायचं-उठायचं कसं, ते शिकवूनच उठायची. उन्हानं तिचा चेहरा रापून गेला, पण घाई म्हणून तिनं कुणाला केली नाही.

मग एक दिवस ती अण्णांच्या घरी आली.

"अक्कांशी बोलायचंय. तुम्ही बाहेर बसता का?"

"मी? माझ्याच घरात?" अण्णांच्या तोंडून निघून गेलं. मग तेच हसले आणि ओट्यावर जाऊन बसले. गंगासागरही बाहेर आली आणि तिनं मागं दार ओढून घेतलं.

अण्णांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. अक्का हो म्हणणार, यात त्यांना शंकाच नव्हती. आपल्याच घरातून हो निघालं की गावात काय मान राहील! खोड अशी लगेच जात नाही हो. बसल्या जागी त्यांनी कुणाकुणाला काय सांगायचं तेही ठरवून टाकलं.

आत बोलणं बराच वेळ चाललं. एकदा तर अक्काच्या हसण्याचा आवाज आला. अण्णा आणि गंगासागर एकमेकांकडं बघत राहिले. तो आवाज या घरात ऐकू येऊन किती काळ लोटला होता, ते दोघांनाही आठवेना.

दार उघडलं. चौकटीला धरून अक्का उभी होती.

"भीमा," ती म्हणाली, "म्या न्हाई म्हनले."

अण्णांचा चेहरा लाल झाला. गावभर शब्द दिलेला माणूस तो, आणि त्याच्याच घरातून "न्हाई"! "कावून गं..." एवढं त्यांच्या ओठांवर आलंसुद्धा. पण रोहिणी अक्कामागं उभी होती, आणि अण्णांना तिचं पहिल्या दिवसाचं बोलणं आठवलं. नाही म्हणणारीनं कारण सांगायची गरज नाही. शेंगदाणे तोलताना कानावरून गेलेलं ते वाक्य आज नेमकं आत जाऊन पोचलं.

त्यांनी तोंडातला शब्द गिळला.

"बरं," अण्णा म्हणाले.

अक्का त्यांच्याकडं बघतच राहिली. "रागावला न्हाईस?"

"न्हाई अक्का. तुझं अंग हाय. मी कोन रागावनारा? बस हितं. चहा करतो तुला."

गावाला साखर विकणारा हा माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा शोधत उभा राहिला! गंगासागर हसायला लागली, पण उठली मात्र नाही. चहा झाला, तोही उतू जाऊन अर्धाच उरलेला. अण्णांनी कप अक्काच्या हातात दिला.

"म्याडमनी मला गुडघ्याचा व्यायाम शिकवलाय," अक्का आपण होऊन बोलली. "दवाखान्यात बी दाखवू म्हनल्या. पर त्या तपासनीत मला न्हाई जायचं. गोळ्या लई खाल्ल्या आजवर." मग चहाचा घोट घेऊन ती थांबली. तिचे डोळे भरून आले. "भीमा, लगीन ठरलं तवा कुनी इचारलं न्हाई. हे गेले, तवा इथं आनलं, तवाबी कुनी इचारलं न्हाई. आज पयल्यांदा कुनी इचारलं. म्हून न्हाई म्हनून बघितलं रे. लई बरं वाटलं."

अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांना लावला. गावासमोर झालेली बेइज्जती त्यांना त्या दिवशी जितकी लागली नव्हती, तितकं हे लागलं.

रथसप्तमी आली, हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. गंगासागर करंडा घेऊन स्वयंपाकघरात गेली. अण्णा दारातच उभे होते, पण या वेळी बोलले काही नाहीत.

"वन्सं," गंगासागर म्हणाली, "बाहेर बाया आल्यात. तुमी बसता का आमच्यासंगं? तुमाला नको वाटलं तर ऱ्हाऊ द्या. पर यावं आसं मला वाटतंय."

बायनाबाईनं हातातली परात खाली ठेवली आणि पदरानं हात पुसले.

"इचारलंस ना तू?" ती म्हणाली. "मग यिते."

भावाच्या खांद्यावर हात ठेवून तिनं उंबरा ओलांडला.

बंधू-भगिनींनो, संशोधन मोठ्या शहरात होतं, मोठी माणसं करतात, आपला काय संबंध, असं म्हणू नका. उद्या तुमच्याही दारात कुणी काही तपासायला, विचारायला येईल. तेव्हा नीट ऐका, शंका विचारा, आणि मग मनापासून हो किंवा नाही म्हणा. आणि जे विचारायला जातात त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की समोरचा माणूस आपल्या कामाचं सामान नाही. उपकारानं, मानानं, नात्यानं बांधून घेतलेलं हो खरं नसतं. जिथं माणसाला न घाबरता नाही म्हणता येतं, तिथलंच हो खरं. आणि याची सुरुवात संशोधनापासून करायची गरज नाही. आज घरी गेल्यावर, ज्याला कधी विचारलं नाही अशा माणसाला एकदा विचारून बघा, आणि उत्तर त्यालाच देऊ द्या.